परवाना मिळेल, गाडी कुठून आणणार?

जुलै २०२३. पणजीतल्या ऑफिसात जेवणाचा डबा नुकताच उघडला होता आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. "बाय, सोहम तुमचो पूत न्हय?" बोलणारा पोलीस आहे हे त्याने सांगायच्या आधीच कळलं. "अपघात ना, भिऊं नाकात" हे वाक्य त्याने सगळ्यात आधी म्हणायला हवं होतं. ते चौथं आलं. तोवर माझा घास हातातच होता.

फर्मागुडीच्या तिठ्यावर तपासणी चालली होती आणि आमचे चिरंजीव माझ्या ॲक्टिव्हावरून फोंड्याला क्लासला निघाले होते. चार दिवसांपूर्वी सोळा पूर्ण झाले होते. सकाळी मी घाईत बसने आले, गाडी घरी राहिली, चावी खुंटीला. एवढंच निमित्त.

साहेबांना सांगून निघाले, कदंब बस पकडली. बाणस्तारीचा पूल, म्हार्दोळ, मग चढ. उतरले तेव्हा पाऊस कोसळत होता आणि सोहम एका टपरीच्या पत्र्याखाली हेल्मेट पोटाशी धरून उभा. रडला नव्हता, पण रडायचं बाकी होतं. पोलीस माझ्याच वयाचा. त्याने आवाज चढवला नाही, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. "गाडी तुमच्या नांवार आसा बाय. भुरग्याचेर न्हय, केस तुमचेर जातली." मग माझ्याकडे आणि पोराकडे एकदा बघून म्हणाला, "आयज सोडटां. परत मेळ्ळो जाल्यार सोडचो ना."

त्याने सोडलं याचं मला तेव्हा हायसं वाटलं. आता वाटतं, त्याने सोडायला नको होतं. पण तेव्हा मी त्याचे तीनदा आभार मानले आणि भिजत गाडी घरी आणली. मागे सोहम, तोंडातून शब्द नाही.

एक गोष्ट कबूल करते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं. तो पहिल्यांदा गाडीवर बसला नव्हता. दूध आणायला, देवळात नारळ पोचवायला, गिरणीत, मीच चावी दिली होती. आमचं घर प्रियोळात आत, म्हार्दोळच्या मुख्य रस्त्यापासून अडीच किलोमीटर. "वाड्यातल्या वाड्यात तर जातोय" हे माझंच वाक्य. कायद्याच्या लेखी वाड्यातला रस्तासुद्धा सार्वजनिक जागाच, कारण तिथे कोणीही येऊ-जाऊ शकतो. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं.

आणि आम्ही काही एकटे नव्हतो. सोहमच्या उच्च माध्यमिकमध्ये मुलांनी दुचाकी आणायला बंदी आहे, फाटकावर तशी पाटीही आहे. मुलं काय करतात, तर समोरच्या एका घराच्या अंगणात, फणसाखाली गाड्या लावतात. घरातली आजी गाडीमागे दिवसाला १० रुपये घेते, पाऊस आला की सगळ्या सीटवर प्लास्टिक टाकते आणि फणसाच्या दिवसांत "हंय लावूं नाका, माथ्यार पडटलो" असं ओरडते. पुढच्याच आठवड्यात पालकसभेला गेले तेव्हा मी मोजल्या. सतरा. सभेत कोणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही.

त्या रात्री मात्र मोटर वाहन कायदा वाचायला घेतला. जन्म कारकुनीत गेलाय, कलमांची भाषा अंगवळणी आहे. १९८८च्या कायद्याचं चौथं कलम सांगतं की अठराच्या आतल्याने सार्वजनिक जागी मोटर वाहन चालवायचं नाही. त्याला एक शेपूट आहे: सोळा पूर्ण झालेल्याने ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालवायला हरकत नाही. माझी ॲक्टिव्हा १०९ सीसीची. दुपटीहून जास्त.

पुढे २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९-अ. ते मी दोनदा वाचलं, मग नवऱ्याला उठवून मोठ्याने वाचून दाखवलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. मूल आपल्या संमतीनेच गाडी घेऊन गेलं असं कोर्ट धरून चालणार. तसं नव्हतं हे आपण सिद्ध करायचं. खुंटीला लटकलेली चावी घेऊन मी काय सिद्ध करणार होते? नवरा अर्धवट झोपेत म्हणाला, "पंचविसाव्यापर्यंत म्हणजे नोकरीला लागल्यावरसुद्धा बसनेच?" त्याला कैदेपेक्षा हे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी चावी उकड्या तांदळाच्या डब्यात गेली.

त्यानंतर महिना झाला नसेल, ६ ऑगस्टला बाणस्तारीच्या पुलावर तो अपघात झाला. तीन माणसं गेली. त्याचा अल्पवयीन चालकांशी काही संबंध नाही, हे मला कळतं. पण त्या पुलावरून मी रोज दोनदा जाते. बस पुलावर आली की आतलं बोलणं थांबायचं, कितीतरी दिवस. घरी येऊन मी डब्यात हात घालून चावी आहे ना बघायचे.

पण पोराच्या जाण्या-येण्याचा प्रश्न चावी लपवून सुटत नाही. क्लास साडेसातला सुटतो. फोंड्याहून म्हार्दोळपर्यंत बस मिळते, तिथून आत अडीच किलोमीटर अंधार, पावसात. नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला, मी पणजीहून सातला परत. त्यामुळे मी सरळ मार्गाने काय काय करता येतं ते शोधायला लागले.

पहिली वाट म्हणजे कायद्याचं ते शेपूट. परवान्यांच्या सरकारी 'सारथी' पोर्टलवर ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा वर्ग खरोखरच वेगळा आहे. सोळा ते अठराच्या मुलाला शिकाऊ परवाना हवा तर पालकाची लेखी संमती लागते. सोहमने उत्साहाने अर्ज भरायला घेतला आणि मी फोंड्यात एका ओळखीच्या एजंटाकडे चौकशीला गेले. त्याने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "वहिनी, परवाना मिळेल. गाडी कुठून आणणार?"

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणजे बाजारात ५० सीसीची पेट्रोलची नवी दुचाकीच नाही. कायदा झाला तेव्हा लुना होती, कॉलेजची पोरं-पोरी त्यावरूनच जायची. आता सगळ्यात साधी मोपेड म्हटली तरी टीव्हीएसची एक्सएल-१००, ती जवळजवळ शंभर सीसीची. स्कूटर सगळ्या पन्नासच्या कितीतरी वर. कायद्याने मुलाला एक दार उघडून दिलं आहे आणि दाराच्या पलीकडे खोलीच नाही. एजंट हसत होता. मला हसू आलं नाही, कारण माझ्या डोक्यात आमचा गोठा आला होता.

गोठ्यात सासऱ्यांची लुना होती. सासरे प्राथमिक शाळेत मास्तर. १९९१ साली त्यांनी ती घेतली आणि बेतकी, सावईवेरे, केरी असा सगळा भाग तिच्यावरून पालथा घातला. २०१२ साली ते गेले, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून ती गोठ्यात नारळाच्या सोडणांमागे उभी होती. रविवारी सोहम आणि माझा दीर दोघांनी ती बाहेर काढली. टायर जमिनीला चिकटलेले, सीटच्या फोममध्ये उंदराचा संसार. म्हार्दोळचा मेस्त, म्हणजे मेकॅनिक, आला. त्याने प्लग काढला, तो कोळशासारखा काळा. पॉलिश पेपरने घासला, कार्ब्युरेटर उघडला तर आत जुन्या पेट्रोलचा गुळासारखा चिकटा. तो रॉकेलने धुतला. बाटलीत पेट्रोल घेऊन त्यात टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं, ऑइल मिसळलं आणि दिराला म्हणाला, मार पायडल. दीर सायकलसारखा पायडल मारत अंगणात तीन फेऱ्या फिरला. चौथ्या फेरीला एकदम फट् फट् आवाज झाला आणि निळा धूर. कुत्रा तुळशीवृंदावनामागे पळाला. सासूबाई सोप्यावर बसून होत्या, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पदर डोळ्यांना लावला. त्या आवाजाने कितीतरी वर्षांपूर्वीची संध्याकाळ परत आली असणार.

आता कागद. आरसी पत्र्याच्या पेटीत मिळालं, कडेने वाळवी लागलेलं. नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २००६मध्येच संपलेली. मालक हयात नाहीत. मालक वारल्याचं तीस दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरचा फॉर्म भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. आमचे तीन महिने केव्हाच उलटून गेले होते. वारस चार, त्यातली एक नणंद मस्कतला. तिची सही, मग नावबदल, मग नोंदणीचं नूतनीकरण, त्यासाठी गाडीची तपासणी, मग विमा, मग पीयूसी. एजंटाने हिशोब सांगायला सुरुवात केली तेव्हा मी त्याला थांबवलं.

खरं तर कागदांमुळे नाही थांबले. कागदांशी मी लढले असते. मेस्ताने ब्रेक दाखवले म्हणून थांबले. केबल ओढली की ब्रेकचे लायनर ड्रमला लागायचे, पण गाडी थांबायची तिच्या मर्जीने. सुटे भाग कुठे मिळतील या प्रश्नावर तो म्हणाला, "बेळगांवां पळोवपाक जाय," म्हणजे बेळगावात बघायला हवेत. आणि मला गंमत अशी वाटली की माझ्या पोराला कायदेशीरपणे चालवता येईल अशी ही गोव्यातली बहुधा एकमेव पेट्रोलची गाडी, आणि घरातल्या सगळ्या गाड्यांत सगळ्यात धोक्याची. चांगले ब्रेक असलेली ॲक्टिव्हा बेकायदा आणि ब्रेक नसलेली लुना कायदेशीर. सोहमचा अर्ज पोर्टलवर अर्धा भरलेला तसाच पडून राहिला.

लुना आता सोप्याशेजारी उभी आहे. सासूबाई तिच्यावर रोज फडकं मारतात.

दुसरी वाट विजेची. ओला, एथर, चेतक वगैरे मोठ्या स्कूटरना अठरा आणि परवाना दोन्ही लागतं, त्या मोटर वाहनच आहेत. पण केंद्रीय नियमांत एक छोटी व्याख्या आहे: मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत. ही अट पाळणारी गाडी मोटर वाहनच धरली जात नाही. नोंदणी नाही, परवाना नाही. मात्र मॉडेलला अराई (एआरएआय) किंवा तशा वाहनं तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र असायला हवं.

फोंड्यात एका दुकानात गेलो. दुकानदार पोराकडे बघूनच खूश. "लायसन नको, नंबर नको, विमा नको!" मी प्रमाणपत्र मागितलं. तो म्हणाला, येईल, कंपनीकडून मागवतो. मग आवाज खाली आणून सोहमच्या कानाशी, पण मला ऐकू येईल इतपत: "मागे एक वायर आहे. ती काढली की पंचेचाळीसला जाते." सोहमचे डोळे चमकले. मी पर्स उचलली.

रस्त्यात सोहमशी भांडण झालं. त्याचं म्हणणं, वायर काढायचीच असं कुठे म्हटलं? माझं म्हणणं, ती वायर आपल्याला माहीत झाली हेच पुरे. वायर काढली त्या क्षणी ती गाडी मोटर वाहन होते, आणि तेही बिननोंदणीचं, बिनविम्याचं, चालवणारा बिनपरवान्याचा. ॲक्टिव्हाला निदान विमा तरी होता. उद्या कुणाला धडक बसली तर नुकसानभरपाई आमच्या घराच्या चिऱ्यांतून काढून द्यावी लागेल. हे मी जरा नाटकी सांगितलं, पण चिऱ्यांचं उदाहरण त्याला पटलं.

दुसऱ्या दुकानात प्रमाणपत्राची प्रत फाइलमध्ये लावलेली होती. दुकानदारीणबाईंनी स्वतःच सांगितलं, "चढाक वाट लागतली, आदींच सांगतां." त्यांच्या या एका वाक्यावर मी गाडी घेतली. ५८,००० रुपये. हेल्मेट आयएसआय मार्कचं, वेगळं. या गाडीला ते नको असं कोणी म्हणालं तरी डोक्याला ते माहीत नसतं.

आमच्या घराकडे येताना विहिरीपासून देवचाराच्या वडापर्यंत एक चढ आहे. पहिल्या संध्याकाळी सोहम खालून निघाला. मी वर उभी. सपाटीवर गाडी ऐटीत आली, चढ लागला आणि आवाज बदलला, मोटर कण्हल्यासारखी. वेग पंचवीसवरून पंधरा, पंधरावरून दहा. त्याच वेळी पोदेर, म्हणजे पाववाला, टोपली लावलेली सायकल ढकलत चढत होता. दोघे बरोबरीला आले. पोदेराने भोंपू वाजवला, पों पों, बाजू दे म्हणून. काही पावलं दोघे शेजारी शेजारी चालले आणि मग, देवाशप्पथ सांगते, पोदेर पुढे गेला. वर आल्यावर सोहमने गाडी उभी केली आणि मला म्हणाला, "आई, हे तू मुद्दाम केलंस."

वर्गात गाडीचं नाव पडलं कासव. एक आठवडा तो चालत गेला. मग असा पाऊस लागला की आठव्या दिवशी मुकाट्याने कासवावर बसला.

हमरस्त्यावर मात्र ती गाडी आम्ही कधीच नेऊ दिली नाही. ताशी २५ची गाडी पणजी-फोंडा रस्त्यावर टिपर आणि बसच्या मधे, हे नियमात बसत असलं तरी माझ्या डोळ्यांत बसत नव्हतं. सोय अशी केली: घरापासून म्हार्दोळपर्यंत कासव, तिथे नवऱ्याच्या चुलतभावाच्या दुकानाच्या मागे ते लावायचं, आणि पुढे बस. रात्री परत येताना तसंच. दोन वर्षं हे चाललं. एकदाच पडला, विहिरीजवळच्या वळणावर शेवाळावरून चाक घसरलं. गुडघा सोलवटला, हेल्मेटला एक ओरखडा. वीसच्या वेगाने पडल्यावर माणूस उठून कपडे झटकतो.

दुसऱ्या वर्षी बॅटरी थकली. आधी चार्जिंग एकदा केलं की तीन दिवस पुरायचं, मग रोज करावं लागायचं.

मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने महागड्या गाडीने दोघांना उडवलं. त्या दोन आठवड्यांत फणसाखालच्या गाड्या गायब झाल्या. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कलम १९९-अ फिरत होतं, मला ते नऊ जणांनी पाठवलं. जून उजाडला, शाळा सुरू झाली आणि आजीने पुन्हा प्लास्टिक बाहेर काढलं.

जुलै २०२५ला अठरा पूर्ण झाले. वाढदिवसाला केक कापायच्या आधी साहेब सारथीवर. शिकाऊ परवान्यासाठी दोन वर्ग निवडले: गिअरची दुचाकी आणि हलकं चारचाकी वाहन. फक्त बिनगिअरचं घेतलं असतं तर पुढे मोटरसायकलला पुन्हा परीक्षा. गिअरवाल्या परवान्यावर स्कूटरही चालते. फी दर वर्गाला १५० आणि चाचणीचे ५०. बाकी कागद सगळ्यांना ठाऊक आहेत.

चाचणीत ६० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. पोर्टलवर सराव चाचणी आहे. रात्री जेवणानंतर मी म्हटलं, बघू तरी काय विचारतात. वीस वर्षं गाडी चालवते. नापास झाले. पहिल्याच फेरीत. सर्कलवर आधी कोणाला जाऊ द्यायचं? मी उत्तर दिलं, जो आधी घुसेल त्याला. म्हणजे पर्याय तसा नव्हता, पण त्याच्या जवळचा निवडला. बरोबर उत्तर: उजवीकडून येणाऱ्याला. जुन्या गोव्याच्या गांधी सर्कलला मी इतकी वर्षं नुसती हॉर्नवर विश्वास ठेवून फिरत होते. पोरगा पोट धरून हसला. तो पहिल्या खेपेला पास झाला.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि मिळाल्यापासून तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. ह्या तीस दिवसांत लोक काय करतात? गाडी सरळ एकट्याने चालवतात. नियमात मात्र शिकवणारा परवानाधारक सोबत बसलेला लागतो, पुढे-मागे पांढऱ्यावर तांबडा 'एल' लागतो. पाटी प्रत्येक बाजूला किमान १८ सेंटिमीटर, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. सोहमने फोंड्याच्या रेडियमवाल्याकडून तांबडं रेडियम आणलं आणि फूटपट्टीने मोजून दोन पाट्या केल्या. रेडियमवाल्याने विचारलं म्हणे, कुणाच्या लग्नाला लावायची?

मागे बसायला मी. रोज सकाळी सहाला, म्हार्दोळच्या देवळाच्या मागच्या रस्त्यावर. दोन वर्षं कासव चालवलेल्या पोराला ॲक्टिव्हा दिली की काय होतं, ते मागच्या सीटवरून कळतं. त्याला वेगाची भूक होती, पण हाताला सवय हळू जायची. मूठ पिळायची आणि लगेच स्वतःच घाबरून सोडायची, त्यामुळे माझं हेल्मेट दर मिनिटाला त्याच्या हेल्मेटवर आपटायचं, टक्. डावा ब्रेक दाबला की पुढचा-मागचा दोन्ही लागतो, हे त्याला सांगितलं, २०१९पासून या वर्गाच्या स्कूटरना ते सक्तीचंच आहे. पण ओल्या मातीवर, कोपऱ्यात, हात घाबरून उजवाच दाबतो. पाचव्या दिवशी एका वळणावर नेमकं तसंच झालं. समोर गाय. त्याने उजवा दाबला, पुढचं चाक एक वीत घसरलं आणि आम्ही दोघे हळूच, जवळजवळ सभ्यपणे, डाव्या बाजूला कलंडलो. गाय हललीसुद्धा नाही. मी चिखलात बसूनच विचारलं, "कुठला दाबलास?" तो म्हणाला, "कळलं." नंतर पुन्हा कधी उजवा आधी दाबला नाही, निदान मी मागे असताना.

मोटारीचं वेगळं. ड्रायव्हिंग स्कूल लावलं, नाव लिहीत नाही. नियमाप्रमाणे एकवीस दिवसांच्या कोर्समध्ये प्रत्यक्ष गाडी चालवायचे किमान दहा तास भरायला हवेत. सोहम रोज घरी आला की विचारायची, किती वेळ? पंधरा मिनिटं. कधी त्यातही मास्तर मधे भाजी घ्यायला थांबत. एकवीस दिवसांचे पंधरा-पंधरा मिनिटं म्हणजे सव्वापाच तास. मी मालकाला कागदावर हिशोब करून दाखवला. तो म्हणाला, "ताई, इतकं कोण मोजतं?" मी म्हटलं, मी मोजते, माझा धंदाच तो. उरलेले तास त्याने दिले, तोंड वाकडं करून, पण दिले.

परीक्षा गणेशचवथीनंतर, सप्टेंबरात. दर वर्गाला ३०० रुपये, कार्डाचे २००. मोटार पहिल्या झटक्यात झाली, चढावर थांबवून पुन्हा काढायला सांगितली तीसुद्धा. आमच्या विहिरीजवळच्या चढावरच त्याने सराव केला होता. दुचाकीला आठचा आकडा. दिराची स्प्लेंडर नेली होती. पहिलं गोल छान गेलं, दुसऱ्यात वळताना क्लच जरा लवकर सोडला, गाडी झटका देऊन थांबली आणि पाय टेकला. नापास. मला वाटलं रडेल, पण बाहेर येऊन म्हणाला, "मीच टेकला. त्यांनी बरोबर केलं." त्याच्या पुढच्या मुलाचाही पाय टेकला होता, आणि त्याच्यासोबत आलेला माणूस बाजूला जाऊन कुणाशी तरी हळू बोलत होता. काय बोलत होता ते मला ठाऊक नाही. माझ्या मनात मात्र वाकडंच आलं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सात दिवसांनी पुन्हा तारीख. त्या सात दिवसांत देवळासमोरच्या मोकळ्या जागेत चुन्याने आठ काढून तो फिरत होता, संध्याकाळी बायका दिवे लावायला येईपर्यंत. दुसऱ्या खेपेला पाय टेकला नाही.

परवाना आला. तिशीच्या आत घेतलेला परवाना आता चाळीस वर्षांचा होईपर्यंत चालतो, म्हणजे सोहमच्या कार्डावर २०४७ साल आहे. सासूबाईंनी तारीख वाचायला लावली, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "तेव्हा मी नाही." मग लुनाकडे बघून, "ही असेल बहुतेक."

कासव विकायला काढलं, सोहमनेच जाहिरात टाकली. दुसऱ्या दिवशी फोन आला, शिरोड्याहून. बापाने विचारलं, मुलगी सोळाची आहे, दहावी झाली, परवाना लागत नाही ना? मी म्हटलं, नाही लागत. किंमत ठरली, रविवारी येतो म्हणाला. ठेवता ठेवता त्याने विचारलं, "आणि ताई, ती मागची वायर काढली की किती जाते हो?"

मी म्हटलं, गाडी विकली गेली.

आता नवरा रोज सकाळी कासवावरून चहाची पावडर आणि वर्तमानपत्र आणायला जातो. चढावर पोदेर भेटतो.